नांगर न लावता हरभरा टाकला तर उतारा घटतो का?

प्रश्न: सर नमस्कार, आमचं वावर सिन्नरच्या पूर्व भागात आहे, दोन एकर, खाली मुरूम लवकर लागतो. खरिपाला सोयाबीन आणि मग रोटर (रोटाव्हेटर) मारून हरभरा, विहिरीचं पाणी जानेवारीत संपतं. शेजारचे म्हणतात रोटर बंद कर, सोयाबीनच्या धसकटातच हरभरा टोक. घरचे म्हणतात मशागत नाही केली तर निम्मा मालपण होणार नाही. खरं काय समजायचं?

उत्तर: दादा, घरच्यांची भीती मला कळते, ढेकळं फोडून रान भुसभुशीत केल्याशिवाय पेरायचं म्हणजे मनाला पटतच नाही. पण हरभऱ्याचं गणित वेगळं आहे. २०१५ मध्ये जगभरातल्या सहाशेच्या वर अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात विनानांगरणीने मका आणि भाताचा उतारा सरासरी सात-साडेसात टक्के घटलेला दिसला, हरभऱ्यासारख्या द्विदल पिकांत मात्र फरक जवळपास नाहीच. आणि तुमच्यासारख्या कोरडवाहू भागात जिथे काडपण रानात ठेवलं आणि पिकाची फेरपालटही केली तिथे तर उतारा ७ टक्क्यांच्या आसपास वाढला. पण हे नीट वाचा, जिथे नुसता नांगर सोडला आणि बाकी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत तिथे जवळपास १० टक्के घट आली. म्हणजे सोयाबीनचं भुसकट जाळायचं नाहीतर बांधावर टाकायचं आणि वर रोटरपण मारायचा नाही, असं अर्धवट करणार असाल तर मी स्पष्ट सांगतो, नका करू.

यामागचं कारण ओल आहे. हरभरा जगतो तो जमिनीत उरलेल्या ओलीवर, आणि सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबर हीटमध्ये रोटर मारला की वरची चार-पाच बोटं माती दोन दिवसांत कोरडी ठक्क होते, बी नेमकं तिथेच पडतं, मग उगवण तुटक होते आणि आपण बियाण्याला दोष देतो. धसकट न हलवता वर काड पसरलं तर ओल टिकते, माती थंड राहते आणि मुळांवरच्या गाठीतले, हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू जास्त दिवस काम करतात. म्हणून सोयाबीन उपटू नका, विळ्याने जमिनीलगत सोंगा, जुनी मुळं आत कुजली की त्याच वाटेने हवा-पाणी खाली जातं. आपल्याकडे नेरळची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत याच तत्त्वावर चालते, गादीवाफा एकदाच करायचा आणि मुळं कायम जमिनीतच ठेवायची.

आता अडचणी पण सांगतो. अर्धवट कुजलेल्या काडावर मूळकुजीची बुरशी वाढते, त्यामुळे बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) चोळा, नंतर रायझोबियम (गाठीतल्या जिवाणूंचं खत) लावून सावलीत सुकवा, आणि काड दोन ओळींच्या मधेच राहू द्या, रोपाला चिकटून नको. दुसरं म्हणजे तण, काडात कोळपं चालत नाही, खुरपणीच करावी लागते. रानात हराळी, कुंदा किंवा लव्हाळा असेल तर त्या तुकड्यात आत्ता सुरू करूच नका, आधी तो काढा. आणि सोयाबीन ओल्या रानात हार्वेस्टरने काढलं असेल आणि चाकाखाली माती दाबून घट्ट झाली असेल तर एकदा खोल नांगरून मगच पुढच्या वर्षी सुरुवात करा.

यंदा अर्धा एकरच करा, बाकीचं नेहमीसारखं, बियाणं एकच. सोंगणी झाल्या झाल्या ओलीत टोकण यंत्राने ३० बाय १० सेंटीमीटरवर टोका. ओल गेली असेल तर हलकं पाणी देऊन वाफशावर, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिली की टोका. पुढे एकच पाणी शिल्लक असेल तर ते फुलं लागताना द्या.

प्रश्न: आम्ही इगतपुरीकडचे, भात निघाल्यावर नांगर न लावता वाल आणि हरभरा टाकतो. सासूबाईंपासून असंच चालत आलंय पण पीक बेताचंच येतं, नांगरून बघू का?

उत्तर: ताई, तुमच्या सासूबाई करत होत्या तीच ही पद्धत, आता तिला विनानांगरणी असं नवं नाव मिळालंय एवढंच. भंडारा-गोंदियाकडे तर उभ्या भातातच लाखोळी (लाखेची डाळ) फेकतात, त्याला उतेरा म्हणतात. पीक बेताचं येतं त्याचं मोठं कारण चिखलणी, चिखल करून करून वीतभर खाली घट्ट थर बसतो आणि मूळ तिथेच अडतं. पण भात निघाल्यावर नांगराल तर आहे ती ओलपण जाईल. त्यापेक्षा भात थोडा उंच कापा, बी रात्रभर भिजवून कापणीच्या दुसऱ्याच दिवशी टोका, आठवडा गेला की रान तडकायला लागतं. आणि महिनाभराने एक-दोन रोपं मुळासकट हळूच काढून गाठी फोडून बघा, आत गुलाबी लाल दिसली तर जिवाणू काम करतायत, पांढरट-हिरवट असेल तर पुढच्या वर्षी रायझोबियम चुकवू नका.