पार्सल माझ्या नावाचं

पत्र पहिलं, शहादा तालुक्यातून

ताई, मी ३१ वर्षांची, झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर नोकरीला सुरतला, पंधरा दिवसांनी घरी येतात. घरी मी, सासूबाई आणि साडेचार वर्षांचा मुलगा. मागच्या रविवारी कपाट आवरायला काढलं तर लिपस्टिक निघाल्या २७, फाउंडेशन ४ (एकही माझ्या रंगाला नीट बसत नाही), सीरमच्या ६ बाटल्या आणि आयशॅडोचे ३ पॅलेट, ज्यांना हात पण लागला नाहीये. मग ॲपवर वर्षभराच्या ऑर्डरी जोडल्या, ४१ हजारांच्या वर गेल्या, मला रडूच आलं. सासूबाईंना कळू नये म्हणून पार्सल मी शाळेच्या पत्त्यावर मागवते. आणि रोज शाळेत जाताना लावते काय, तर पावडर, काजळ, टिकली आणि तीच एक मरून लिपस्टिक. रात्री मुलगा झोपला की मोबाईल हातात येतो आणि बोट कधी बटणावर पडतं कळत नाही. मग दुसऱ्या दिवसापासून पार्सल कुठवर आलं ते बघत बसते, भिवंडीहून निघालं, नाशिकला आलं, नंदुरबारला पोचलं. ते येईपर्यंत खूप छान वाटतं. उघडलं की दोन दिवसांत ड्रॉवरमध्ये. हे थांबवू कसं, आणि यातलं ठेवू काय, टाकू काय? मला अगं-तुगंच करा, बरं वाटेल.

उत्तर

अगं, तुझ्या पत्रातलं "ते येईपर्यंत खूप छान वाटतं" हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नाचं मूळ मला तिथंच दिसतं. तुला हौस पार्सलची आहे गं, मेकअपची हौस तर तुझी रोज सकाळी चार वस्तूंत भागतेच आहे. दिवसभर शाळा, मग स्वयंपाक, लेकाचं, सासूबाईंच्या गोळ्या, आणि या सगळ्यात दारात तुझ्या नावाने येणारी एकच गोष्ट म्हणजे तो खोका. त्याची वाट बघण्यात चार-पाच दिवस बरे जातात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण हे एकदा नीट ओळखून घे, नाहीतर तू २७ लिपस्टिक वाटून टाकशील आणि सहा महिन्यांत पुन्हा २७ होतील.

आता कपाटाचं बघू. लेकाच्या चित्रकलेच्या वहीचं एक पान घे, दिवसा खिडकीत बस, आणि सगळ्या लिपस्टिकची एकेक रेघ त्या पानावर ओढ, खाली नाव लिही. मी हे तीन वर्षांपूर्वी केलं होतं. १९ रेघा ओढल्या आणि पान लांब धरून बघितलं तर ११ रेघा एकाच विटकरी गुलाबी रंगाच्या, शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठली कोणती मला सांगता येईना, आणि नावं मात्र प्रत्येकीची वेगळी, एक गुलाबाची, एक कॉफीची, एक कुठल्यातरी परदेशी शहराची. आपण रंग विकत घेतो असं वाटत असतं पण पुष्कळदा नावच घेत असतो. ते पान कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटव. पुढच्या वेळी ॲपवर एखादा रंग आवडला की आधी त्या पानापुढे जाऊन उभी राहा, त्याची मावसबहीण घरात हमखास असते.

टाकायचं काय, तर आधी डोळ्यांचं. मस्कारा उघडून तीन महिने, फार तर सहा, त्यापुढे ठेवू नये, कारण ब्रश दरवेळी आत-बाहेर होतो आणि त्या ओल्या अंधाऱ्या नळीत जंतू छान वाढतात. काजळाची पेन्सिल शार्प करता येते म्हणून ती जास्त चालते, पण दुसऱ्या कुणाची वापरू नकोस, अगदी बहिणीचीही. बऱ्याच डब्यांच्या मागे उघड्या झाकणाच्या बरणीचं छोटं चित्र असतं आणि त्यावर ६, १२ किंवा २४ असा आकडा, तो उघडल्यापासूनचे महिने सांगतो. एक्सपायरी वेगळी आणि हा आकडा वेगळा, हे दुकानात कुणी सांगत नाही. त्यामुळे आजपासून जे उघडशील त्याच्या बुडाला पट्टी चिकटवून तारीख लिही.

आणि हे सगळे आकडे बऱ्यापैकी थंड जागी ठेवलेल्या मालाचे समज. आपल्याकडे खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट संध्याकाळी हात लावलं तर चटका बसतो, त्यात ठेवलेल्या लिपस्टिकला घाम फुटल्यासारखे तेलाचे बारीक थेंब येतात. थेंब आले म्हणजे खराबच झाली असं नाही, टिश्यूने पुसून वास घे. जुन्या शेंगदाण्यांसारखा खवट वास आला तर मोह न धरता टाकून दे. फाउंडेशनमध्ये वर तेल-खाली गाळ झाला आणि हलवूनही एकजीव होत नसेल तर तेही गेलं. सीरमच्या त्या सहा बाटल्यांत व्हिटॅमिन सी चं असेल तर रंग बघ, ते पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं असतं, चहासारखं तपकिरी झालं असेल तर हवा-उष्णतेने उतरलंय, त्याचा आता उपयोग नाही. उरलेल्या सीरमांपैकी एका वेळी एकच वापर, सहा एकावर एक थापून चेहरा फक्त चिडतो. खरं सांगायचं तर रोज सकाळी साबणाऐवजी साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढं नेमाने केलंस तरी सीरमची फारशी आठवण येणार नाही.

फाउंडेशन चार आहेत म्हणतेस, त्यातलं एक तुझ्यापेक्षा उजळ आणि एक गडद असणारच, दोन्हीचा एकेक थेंब मॉइश्चरायझरमध्ये कालवून जबड्याच्या कडेला लावून उजेडात बघ, मनगटावर नाही, मनगट आणि चेहरा यांचा रंग सारखा नसतो. जुळलं तर लग्नकार्याला तेच पुरेल. न उघडलेले पॅलेट तारीख बघून कुणाला तरी देऊन टाक, तालुक्याला पार्लरचा कोर्स करणारी एखादी मुलगी असेल तर तिच्या हाती ते खरंच वापरलं जाईल.

आता थांबवायचं कसं. मला वाटतं आपल्याकडे पूर्वी खरेदीला दिवस ठरलेले होते. माझी आई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की बांगड्या भरायची, दिवाळीला पावडरचा डबा आणि स्नोची बाटली यायची, आणि यात्रेत टिकल्या, रिबिनी. तुमच्याकडे तर दत्तजयंतीला सारंगखेड्याची एवढी मोठी यात्रा भरते, घोड्यांच्या बाजारासाठी लोक कुठून कुठून येतात आणि बायका पाळण्यापासून बांगड्यांपर्यंत सगळं मनसोक्त करून घरी जातात. त्या खरेदीत मधले महिने वाट बघणं होतं, आणि वाट बघण्यातच अर्धी मजा होती. तुला वाट बघायला आवडतं ना, मग ती चार दिवसांची कशाला, चार महिन्यांची कर. एक वही ठेव, आवडलेली वस्तू, तारीख आणि किंमत त्यात लिही, आणि खरेदी फक्त आखाजी, श्रावणातला कानबाईचा सण आणि दिवाळी या तीन वेळी. तोवर वहीतल्या अर्ध्या ओळी तू स्वतःच खोडशील. आणि घेताना शक्यतो जळगाव-धुळ्याच्या बाजारात जाऊन, हातावर लावून, उन्हात येऊन बघून घे.

ॲपमधून कार्ड आणि यूपीआय काढून टाक, नोटिफिकेशन बंद कर, रात्री मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात लाव. ४९९ च्या वर डिलिव्हरी फ्री म्हणून साठ रुपये वाचवायला दोनशेचं काजळ टाकणं हा प्रकार तर मी इतक्या जणींच्या ऑर्डरीत बघितलाय की आता तो आकडा दिसला तरी राग येतो. आणि ते ४१ हजार. आपण जळगावच्या सोन्याच्या भरवशावर वाढलेली माणसं, तर तसंच बोलते, सोनं अडीअडचणीला मोडता येतं, उघडलेलं फाउंडेशन मोडता येत नाही. दर महिन्याला जेवढे ॲपवर जात होते त्यातले निम्मे पोस्टाच्या आरडीत टाक, त्या पुस्तकावरही तुझंच नाव असतं.

राहिल्या सासूबाई. पार्सल शाळेत मागवून लपवलंस त्याचा तुला पैशांपेक्षा जास्त त्रास होतोय असं मला पत्रावरून वाटलं. ड्रॉवर त्यांच्यासमोर उघड. माझ्या सासूबाई माझा पसारा बघून म्हणाल्या होत्या, "इतलं लाईसन कोठे चालनी व माय?" (एवढं लावून कुठे निघालीस गं?) आणि मग त्यातली एक गुलाबी लिपस्टिक उचलून हळूच विचारलं, ही मला शोभेल का गं. ७० वर्षांच्या होत्या. त्यांनी ती शेवटपर्यंत लग्नाकार्याला वापरली, तळाची काडीने काढून. आणि दर बुधवारी रात्री लेक झोपला की मिस्टरांना फोन कर, ठरवून, अर्धा तास. तू लिहिलं नाहीस पण ती रात्रीची वेळ रिकामी आहे म्हणूनच मोबाईल हातात येतो.

पत्र दुसरं, रावेर तालुक्यातून

ताई, मी सगळा मेकअप सोडलाय, फक्त एक गोरेपणाची क्रीम लावते. जावेने मेडिकलमधून आणून दिली, दीड वर्ष झालं. सुरुवातीला चेहरा खूपच उजळला. आता एक दिवस जरी नाही लावली तरी चेहरा लाल होतो, आग होते, गालावर बारीक शिरा दिसतात, हनुवटीवर केस यायला लागलेत. क्रीम चांगली म्हणूनच सोडल्यावर त्रास होतो ना?

उत्तर

नाही ताई, ही लक्षणं स्टिरॉइडच्या क्रीमची दिसतायत, आणि मी हे अगदी काळजीने लिहितेय. ट्यूबवर बारीक अक्षरात मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही लिहिलंय का बघा, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही सोबत असतात. ही औषधं आहेत, डॉक्टर ठराविक आजाराला ठराविक दिवस देतात. दीड वर्षं लावली की कातडी पातळ होते, तिला त्याची सवय लागते, म्हणून बंद केल्यावर चेहरा पेटतो. २०१८ मध्ये सरकारने अशा चौदा स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी त्या हातोहात मिळतात. मनाने एकदम बंद करू नका आणि त्यावर लिंबू, हळद, दही असं काहीही लावू नका. ट्यूब पिशवीत घालून त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा, जळगावला सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात स्किनची ओपीडी असते. बरं व्हायला काही महिने लागतात पण फरक पडतो. ज्या क्रीमवर कंपनीचा पत्ता, बॅच नंबर, घटक यातलं काहीच नाही, कुणीतरी गल्फमधून आणलीय वगैरे, ती तर घरातच आणू नका, गोरं करणाऱ्या असल्या क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो किडनीला बाधतो. तुमच्या जावेलाही हे वाचून दाखवा, तिने प्रेमानेच दिली असणार आणि तीही लावत असेल.

पत्र तिसरं, भुसावळहून

मी भुसावळ-जळगाव रोज अपडाऊन करते, सकाळी गाडी पकडायच्या नादात मेकअपला पाचच मिनिटं मिळतात आणि दुपारपर्यंत सगळं ओघळून येतं. कमीत कमी काय लावू?

उत्तर

सनस्क्रीन, काजळ, एक लिपस्टिक, झालं. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५० घे, दोन्हीत फरक फार थोडा आहे, ३० वालं जवळपास ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले कातडी भाजणारे किरण, अडवतं आणि ५० वालं ९८, खरा फरक पडतो तो किती लावतेस त्याने. पहिल्या दोन बोटांवर टोकापर्यंत दोन रेघा काढ, तेवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. बहुतेक जणी त्याच्या निम्मंही लावत नाहीत. उन्हात असशील तर दोन तासांनी पुन्हा. फाउंडेशन मेमध्ये तर सोडूनच दे. काजळ खालच्या पापणीच्या आत न भरता वरच्या पापणीच्या मुळाशी लाव, तिथलं कमी पसरतं. लिपस्टिकचा एक हलका थर लाव, कागदाने टिप, मग दुसरा, आणि तीच बोटाने गालावर थोडीशी, वेगळा ब्लश लागणार नाही. जळगावला उतरलीस की पावडर काढायच्या आधी सुती रुमालाने चेहरा नुसता टिपून घे, घामावर पावडर लावली की तिचे पट्टे उठतात. आणि सनस्क्रीनची ट्यूब स्टँडवर लावलेल्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नकोस, दिवसभराच्या उन्हात ती पाण्यासारखी होते, पर्समध्येच राहू दे.