वाचक विचारतात : परदेशी पाहुण्याचा पैसा गावात किती उरतो?

प्रश्न : प्रतापगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. परदेशी पर्यटक वाढले तर गाव आणि शहर यांच्या कमाईतली दरी कमी होईल का? – एक वाचक, मेढा

उत्तर : नुसते पर्यटक वाढून होणार नाही. केंद्राच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्च सर्वेक्षणात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये, तर शहरात ६,९९६ रुपये निघाला. म्हणजे शहर सुमारे ७० टक्क्यांनी पुढे. हा झाला खर्च. उत्पन्नातली दरी सहसा याहून मोठी असते, कारण जास्त कमावणारा शिल्लकही जास्त टाकतो.

परदेशी पाहुणा मुंबईला उतरतो आणि बहुतेक पैसे घाट चढायच्या आधीच वाटले जातात. समजा, दोघांच्या एका दिवसाचे १५,००० रुपये झाले. गाडी आणि चालक ५,०००, पाचगणीतल्या मोठ्या हॉटेलची खोली ६,०००, टूर कंपनी आणि बुकिंगचं कमिशन ३,०००. वाटाड्या, जेवण, पार्किंग मिळून गावाच्या हाती उरले १,०००. हॉटेलात कामाला असलेल्या पोरांचे पगार गावात येतात हे खरं, पण मालक बाहेरचा असेल तर नफा बाहेरच जातो. त्यात भाजी वाईच्या बाजारातून न घेता पुण्याच्या ठेकेदाराकडून आली, की शेतकऱ्याचा वाटाही गेला.

तेच दोघं गावातल्या घरी उतरले तर? खोली २,५००, दोन वेळचं जेवण आणि नाश्ता १,२००, वाटाड्या ८००. खोलीवर १५ टक्के कमिशन धरलं तर ३७५ वजा. गावात राहिले ४,१२५. पाहुण्यांची संख्या तीच, गावाचा वाटा चौपट! म्हणून ग्रामसभेत ‘किती गाड्या आल्या’ यापेक्षा ‘किती जण मुक्कामी राहिले आणि कोणाकडे’ याची नोंद ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रस्त्याकडेची जमीन विकणं. पैसे एकदाच मिळतात आणि पुढच्या पिढीला त्याच जमिनीवर वॉचमनची नोकरी धरावी लागते. अगदीच गरज असेल तर मुदतीच्या भाडेकराराने द्या, करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहून घ्या.

प्रश्न : कासच्या वाटेवर घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. कर्ज काढावं का? – एक वाचक, सातारा तालुका

उत्तर : फुलांच्या भरवशावर काढू नका. कासचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, हप्ता मात्र बारा महिने. बाकीच्या दिवसांत खोल्या किती भरतील याचा हिशेब आधी मांडा. तीस रात्रींपैकी सहा भरल्या तरी हप्ता सुटतो का, ते बघा. सुटत नसेल तर एकाच खोलीपासून सुरुवात करा. पहिला खर्च स्वच्छ संडास-बाथरूम, गरम पाणी आणि पावसाळ्यात गळणार नाही असं छप्पर यांवर करा. टीव्ही, एसीचं नंतर बघता येईल.

परदेशी पाहुणा आला की पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घ्या आणि २४ तासांच्या आत एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) पोर्टलवर त्याची माहिती भरा. इथंच बरेच जण अडकतात, कारण ऐनवेळी रेंज नसते आणि लॉगिनही काढलेलं नसतं. लॉगिन आधीच काढून ठेवा. शिवाय आपलं नेहमीचं यूपीआय त्याच्याकडे असेलच असं नाही. रोख घेणार की कार्ड, ते बुकिंगच्या वेळीच कळवा.

प्रश्न : आमच्या तासगाव भागात परदेशी पर्यटक फिरकत नाहीत. आम्हाला यातून काय? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : माल. तुमचा बेदाणा आणि २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत थेट पोचू शकते. मात्र हॉटेलला दर आठवड्याला ठरलेलं वजन, एकसारखा दर्जा आणि बिल लागतं. एकट्या शेतकऱ्याला हे जमत नाही, म्हणून शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत जा. पैसे किती दिवसांत देणार हे लेखी घेतल्याशिवाय पहिलं पोतंही गाडीत चढवू नका.