प्लॅटिऱ्हिनी म्हणजे ‘नकटी माकडं’ का?

चोपड्याच्या एका विज्ञान शिक्षिकेने विचारलंय : माकडांच्या एका गटाचं ‘प्लॅटिऱ्हिनी’ हे शास्त्रीय नाव मुलांना ‘नकटी माकडं’ असा सांगितला तर चालेल का? आणि अशी माकडं आपल्या सातपुड्यात आहेत का?

ताई, ‘नकटी’ नको. ज्या नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात, तिचं नाक आखूड, बसकं. इथे बघायचं ते दोन नाकपुड्यांमधलं अंतर. ग्रीकमध्ये ‘प्लाटिस’ म्हणजे पसरट, रुंद आणि ‘ऱ्हिस’ म्हणजे नाक. समासात त्याचं ‘ऱ्हिन’ होतं. गेंड्याच्या ‘ऱ्हायनोसेरॉस’ या नावात हेच नाक आहे, त्याला जोडून शिंग. ‘प्लाटिस’चं सख्खं भावंड तर आपल्या घरातच आहे : संस्कृत ‘पृथु’. ‘पृथ्वी’ म्हणजे विस्तीर्ण, ती त्यातूनच आली. मला हे नातं फार मोलाचं वाटतं, कारण त्यातून शब्दाचा अर्थ आपोआप कळतो.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एत्येन जॉफ्रुआ सँ-तिलेर यांनी १८१२ मध्ये हे नाव दिलं. या माकडांच्या नाकाचा मधला पडदा रुंद, त्यामुळे नाकपुड्या दूर-दूर आणि बाजूला उघडणाऱ्या. मार्मोसेट, कॅपुचिन, कोळी माकड ही सगळी त्यातली, राहणार मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. दुसरा गट ‘कॅटऱ्हिनी’. ‘काटा’ म्हणजे खाली. नाकपुड्या जवळजवळ आणि खाली वळलेल्या. आफ्रिका-आशियातली सारी माकडं, वानरं आणि आपण माणसंही त्यात येतो.

म्हणून सातपुड्यात प्लॅटिऱ्हिनी सापडणार नाहीत. तिथली काळतोंडी वानरं कॅटऱ्हिनीच. लाल तोंडाचं ऱ्हीसस माकड आणि डोक्यावर केसांची टोपी असलेलं दक्षिणेकडचं माकड यांच्यातली जुनी सीमा पश्चिम भारतात आपली तापी मानली जाते. तीही दोन्ही याच गटातली. चीनच्या डोंगरांत खरोखर नकटं, वर वळलेल्या नाकाचं सोनेरी माकड आहे, आणि तेसुद्धा कॅटऱ्हिनी! ‘नकटी’ का नको, ते यावरून पटेल.

मराठीत मी ‘पृथुनास’ आणि ‘अधोनास’ अशी जोडी सुचवेन. फळ्यावर दोन्ही नाकं समोरून काढून दाखवा. शेपटीनं फांदी धरण्याची गोष्ट मात्र व्याख्येत घालू नका : ती कला पृथुनासांपैकी मोजक्यांनाच येते, मार्मोसेटला येत नाही. त्यापेक्षा दाढा सांगा. पृथुनासांना जबड्याच्या प्रत्येक बाजूला तीन उपदाढा असतात, आपल्याला दोन.