सभा भांगाला, फेरी उधाणाला

माघ पौर्णिमा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सागरी जीवशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून गावी राहण्याचे तू ठरवलेस, हे वाचून फार बरे वाटले. गावातील मच्छीमार कुटुंबे आणि भोवतालचा समुद्र यांच्यात नाते निर्माण करायचे आहे, असे तू लिहितेस. ‘निर्माण करायचे’ या शब्दांपाशी मात्र मी अडलो. ज्या घराची चूल पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्या भरवशावर पेटते, त्या घराचे समुद्राशी नाते तुझ्या-माझ्या आधीपासूनच आहे. त्या नात्यात साठलेले ज्ञान ओळखणे, त्याला मान मिळवून देणे आणि शाळेत जाणाऱ्या पोरांपर्यंत ते पोहोचते आहे की नाही हे पाहणे, एवढेच आपले काम आहे.

हे मला उशिरा समजले. शिक्षकी सुरू करून दोन-तीन वर्षे झाली असतील. किनाऱ्यावरील जीवसृष्टी या विषयावर मी गावात सभा बोलावली, चित्रे तयार केली, घरोघरी निरोप दिले, आणि ठरल्या दिवशी तीन माणसे आली. गावाला या विषयाचे काही पडलेले नाही, असा निष्कर्ष मी काढून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी मासे घेऊन दारावर येणाऱ्या आजी म्हणाल्या, “मास्तर, सभा भांगाला ठेवा. उधाणात आमचा माणूस घरात कुठला?” डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोराची, म्हणून मासेमारीही जोरात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ओढ मंदावते आणि माणसाला थोडी उसंत मिळते. मी सभा ठेवली होती पौर्णिमेला. ज्यांना समुद्र शिकवायला निघालो होतो, त्यांच्या समुद्राचे वेळापत्रकच मला ठाऊक नव्हते.

म्हणून तू आधी ते वेळापत्रक शीक. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी पाणी पुरते ओसरते. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे पुस्तकात वाचलेले तुला या पाऊणपटीत सापडेल. मुलांना आधी आजोबांकडून हा हिशेब शिकू दे, मग तू चंद्र-सूर्याच्या आकर्षणाची आकृती काढ. हा क्रम उलटा करू नकोस.

किनाऱ्यावरची फेरी मात्र उधाणाच्या ओहोटीलाच काढावी, कारण तेव्हाच खडकांचा एरवी पाण्याखाली राहणारा भाग उघडा पडतो. त्या फेरीच्या पुढे तू चालू नकोस. तुझ्या वाडीत कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापैकी एकीला पुढे चालण्याची विनंती कर आणि तिची ओळख मुलांना ‘आजच्या आपल्या बाई’ अशी करून दे. कोणत्या खडकावर कालवं धरतात, कोणती कपार वर्षभर ओली राहते, ‘तिसऱ्या’ नावाच्या शिंपल्या पूर्वी कोणत्या पुळणीत, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मिळत आणि आता का मिळत नाहीत, हे ती सांगेल. डबक्यातील समुद्रफूल पाणी ओसरल्यावर अंग मिटून मांसाच्या गोळ्यासारखे का दिसते, रिकाम्या शंखात राहणारा खेकडा वाढला की घर का बदलतो, हे तू सांग. उचललेला दगड होता तसाच ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. हा नियम पहिल्या फेरीपासून पाळायला लाव. वहीत तारखेशेजारी तिथी लिही आणि शास्त्रीय नावाच्या आधी गावातले नाव लिही. अशी वही दहा वर्षे चालली, तर आपल्या खडकांवर काय होते आणि काय उरले, याचा तो गावाने स्वतः ठेवलेला दाखला होईल.

मंडणगड तालुक्यातील वेळास तुला माहीत आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. त्याआधी कोकणात कासवाची अंडी काढून खाल्ली आणि विकली जात. मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, पिल्ले बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, आणि तोवर कोल्ह्या-कुत्र्यांपासून घरटे राखायचे, तर पहाटे पुळणीवर चालणारा माणूस गावातलाच हवा. वाळूवरचा माग पाहून घरटे हुडकण्याचे कसब गावात होतेच. तेच राखणीच्या कामी आले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातील घरांत उतरू लागले, जेवू लागले, आणि कासव जगण्याने चार घरांत चार पैसे आले. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीत, जो दोर ओढतो त्याला वाटा मिळतो. तुझ्या उपक्रमात राबणाऱ्यांचा वाटा कोणता, हे आरंभीच ठरव.

याच्या उलट मालवणचा अनुभव आहे. तिथले सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले, आणि आपली मासेमारी बंद होईल या धास्तीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला. तिथले प्रवाळ जपण्यासारखे आहेत याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ज्याचे पोट त्या समुद्रावर आहे त्याला आधी विचारले पाहिजे, हेही तितकेच खरे मानतो.

एक काम लगेच हाती घेण्याजोगे आहे. जाळ्यात अडकलेले कासव किंवा अन्य संरक्षित सागरी जीव सुखरूप सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर 2018 मध्ये घेतला; ती जास्तीत जास्त 25,000 रुपये आहे. त्यासाठी छायाचित्रांचा पुरावा लागतो. नौकेवरच्या तरुणांना ते नीट कसे टिपायचे हे शिकव आणि अर्ज भरायला बस. तुझ्या दहा व्याख्यानांपेक्षा एका घरात वेळेवर आलेली ही रक्कम अधिक बोलेल.

किनारा-स्वच्छतेच्या मोहिमेबद्दल विचारले आहेस. जरूर कर, पण गोळा झालेला कचरा फोटो काढून पाठवून देऊ नकोस. तुटक्या नायलॉन जाळ्याचा ढीग वेगळा काढून गावासमोर ठेव आणि जाळे विणणाऱ्यांनाच त्यावर बोलू दे. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात नौका शाकारून ठेवलेल्या असतात, माणसे पडवीत जाळी सांधत बसलेली असतात. अशा बोलण्याला तोच काळ उत्तम. तेव्हा तूही सुई हातात घेऊन बस आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बहुतेक वेळ ऐकण्यातच घालव.

पुढची अमावास्या महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आहे. आपल्या हिशेबाने संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास पाणी पुरते ओसरलेले असेल, आणि उजेडही पुरेल. मी चारला येतो. कालवं काढणाऱ्या कोणाशी बोलणे झाले, ते त्याआधी कळव. त्यांना त्या दिवसाच्या मजुरीइतके पैसे द्यावे लागतील, ते मी बरोबर आणतो.

तुझा,
मास्तर