कॅमेऱ्यापुढची मेंढरे

अमेरिकेतील आपल्या मंडळीची ऑनलाइन उपासना आता तुम्ही चालवणार आहात, म्हणून मुलांसाठी आणलेल्या त्या दोन कापडी मेंढरांविषयी आधी लिहितो. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातील हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगताना त्यांना मनसोक्त बागडू द्या. पडद्याच्या कडेला एकाचे नुसते कान दिसले, तरी घराघरांतली मुले सरसावून बसतात. मात्र पांढरे मेंढरू शहाणे आणि काळे खोडकर, अशी वाटणी चुकूनही करू नका. इंग्रजीत ‘काळे मेंढरू’ म्हणजे घराण्याला बट्टा लावणारा, आणि हा अर्थ कृष्णवर्णीय मुलांच्या कानी लहानपणीच पडतो. बायबलच्याच उत्पत्ती या पुस्तकाच्या 30व्या अध्यायात मेंढपाळ याकोबाने वेतन म्हणून ठिपकेदार आणि काळीच मेंढरे मागून घेतली, हे त्यांना अवश्य सांगा.

वांशिक न्यायाच्या प्रार्थनेच्या वेळी मेंढरे टोपलीत ठेवा. 15 सप्टेंबर 1963 रोजी, रविवारी, अलाबामातील बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या; त्यांची नावे सावकाश वाचा, प्रत्येक नावानंतर एक मेणबत्ती लावा आणि तेवढा वेळ वाद्ये बंद ठेवा. चॅटमध्ये कोणी आपले दुःख लिहिले, तर लगेच शास्त्रवचन पुढे करू नका, कारण दुखावलेल्या माणसाला आधी ऐकून घेणारे हवे असते. आवाजाची चाचणी अर्धा तास आधी घ्या. माझ्या पहिल्या प्रार्थनेत माइक मध्येच बंद पडला आणि दोन नावे कोणालाच ऐकू गेली नाहीत, ती रुखरुख अजून आहे.