पोळ्या मोजल्या, तेल राहिलं

वजन कमी करण्याबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : वय ४४, उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो. घरात चार माणसं. तीन महिने रोज ४५ मिनिटं चालते. दोन्ही वेळेला दोनच पोळ्या खाते, भात जवळपास सोडलाय. तरी वजन जेमतेम ८०० ग्रॅम उतरलं. कुठे चुकतंय?
– वाचक, नाशिक

उत्तर : चालण्यात काही चूक नाही, ते सोडू नका. आधी हिशेब मांडू. वजनाची दहापट (७४०) आणि उंचीची सव्वासहापट (९८७) यांची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट (२२०) आणि वर १६१ वजा करा. उरतात साधारण १३५०. दिवसभर अंथरुणावर पडून राहिलात तरी शरीराला एवढ्या कॅलरी लागतातच. (पुरुषांनी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे.) घरातली रोजची हालचाल धरून या आकड्याला १.२ ने गुणलं की १६२० होतात. ४५ मिनिटं झपाझप चालण्याचे त्यावर साधारण १४०. म्हणजे दिवसाला १७५०-१७६० कॅलरी पोटात गेल्या तर तुमचं वजन आहे तिथेच राहील. सूत्र अंदाजाचं आहे, माणसागणिक शंभर-दीडशे इकडेतिकडे होतात, पण सुरुवातीला पुरतं.

एक किलो चरबी उतरायला साधारण ७७०० कॅलरींची तूट पडावी लागते. तीन महिन्यांत ८०० ग्रॅम म्हणजे रोजची तूट ७० कॅलरींचीही नाही. चालण्याने जे १४० कमावलं त्यातलं निम्मं खाण्यात परत आलं. आणि ते पोळीतून आलेलं नाही.

घरात महिन्याला तेल किती लागतं ते पाहा. चार माणसांत चार लिटर संपत असेल आणि सगळे सारखं खातात असं धरलं, तर माणशी रोज ३० ग्रॅम तेल झालं. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, म्हणजे रोजचे पावणेतीनशे. हे फोडणीत, घडीच्या पोळीच्या पदरांत आणि तव्यावर मुरलेलं असतं, ताटात वेगळं दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. दुसरी जागा चहाची. म्हशीचं साठेक मिली दूध आणि दोन चमचे साखर घातली की कपाला शंभर कॅलरी; तीन कप म्हणजे तीनशे. तिसरी दाण्याच्या कुटाची : एक मोठा चमचा भरून कूट साठेक कॅलरींचं. संध्याकाळी मूठभर चिवडा घेत असाल तर त्याचे आणखी दीडशे.

एकच आठवडा काट्यावर मोजा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा पुरतो. जिन्नस कच्चा असताना मोजायचा, कारण शिजल्यावर पाण्यामुळे वजन बदलतं. १०० ग्रॅम तांदळाच्या ३५० कॅलरी असतात, पण १०० ग्रॅम भाताच्या १३० च. आकडा कच्च्याचा आणि वजन शिजल्याचं, ही गल्लत फार होते. पोळीसाठी कोरडी कणीक मोजा : ३०० ग्रॅमच्या दहा पोळ्या झाल्या तर पोळीला ३० ग्रॅम, म्हणजे शंभरेक कॅलरी. दहाच पोळ्या ५०० ग्रॅम कणकेतून होत असतील, तर 'दोनच पोळ्या' या तुमच्या दोन नाहीत, सव्वातीन झाल्या. भाजीत बरणीतून ओतून तेल घालू नका, चमच्याने घाला. छोटा चहाचा चमचा म्हणजे ४० ते ४५ कॅलरी.

आता कपात. तेल चार लिटरवरून अडीचवर आणा, रोजचे शंभर वाचतात. चहात दोनाऐवजी अर्धा चमचा साखर घाला, तीन कपांत नव्वद. कूट दोन मोठ्या चमच्यांवरून एकावर आणलंत तर साठ. चिवड्याऐवजी २० ग्रॅम फुटाणे घेतलेत तर आणखी सत्तरेक. सव्वातीनशेच्या आसपास कमी झाले आणि पोळीला हातही लावला नाही. भात सोडायचीही गरज नव्हती. ३० ग्रॅम तांदळाचा भात आणि एक पोळी दोन्ही सारख्याच पडतात. दिवसाला १३५० ते १४०० वर राहिलात तर महिन्याला सव्वा ते दीड किलो उतरेल. १२०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नका. चक्कर, केसगळती आणि मग एका रविवारी सगळं भरून काढणं, हेच त्यातून होतं.

प्रश्न : मनगटावरचं घड्याळ व्यायामानंतर ४५० कॅलरी जळल्या असं दाखवतं. तेवढं जास्त खाल्लं तर चालेल का?
– वाचक, पुणे

उत्तर : नाही. एक तर असे आकडे बऱ्याचदा चढे असतात. दुसरं, त्या तासाभरात नुसते खुर्चीत बसला असतात तरी सत्तर-ऐंशी खर्च झाल्याच असत्या. त्या अनेकदा याच आकड्यात मिसळलेल्या असतात. आणि दिवसाचा खर्च काढताना व्यायाम आधीच धरला असेल, तर एकच कमाई दोनदा जमा होते. घड्याळाचा उपयोग पावलं आणि सातत्य बघायला करा. ताट त्याला विचारून वाढू नका.

प्रश्न : दोन महिन्यांत ८४ वरून ७८ किलोवर आलो. आता तीन आठवडे काटा हलत नाही. खाणं आणखी कमी करू का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : लगेच नको. पहिल्या दोन आठवड्यांत जे भराभर उतरलं त्यात पाणी बरंच होतं. शरीर साठवणीतली साखर वापरतं तेव्हा तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही जातं. तो वेग पुन्हा येणार नाही. उलट दिशेनेही पाणीच फसवतं : पापड-लोणच्याचं जेवण, नव्याने सुरू केलेला जोराचा व्यायाम, बायकांच्या बाबतीत पाळीआधीचे दिवस, यांत किलो-दीड किलो सहज चढतं. म्हणून सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी रोज वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढून मागच्या सरासरीशी ताडून बघा. बेंबीपाशी कमरेचं मापही टिपून ठेवा.

चार आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही जागच्या जागी असतील, तर पुन्हा आठवडाभर मोजून खा; बहुतेक वेळा चमच्याचा आकार हळूहळू वाढलेला असतो. तसं नसेल तर हिशेब ७८ किलोवर नव्याने मांडा. सहा किलोंनी हलकं झालेलं शरीर बसल्याजागी आणि चालताना, दोन्हीकडे कमी खर्च करतं. शंभरेक कॅलरी कमी करा किंवा रोजचं चालणं वीस-पंचवीस मिनिटांनी वाढवा.

प्रश्न : सोमवार आणि चतुर्थी असे उपवास करते. त्याने फायदा व्हायला हवा ना?
– वाचक, सातारा

उत्तर : एकादशी आणि दुप्पट खाशी, हे काट्यावरही खरं ठरतं. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि थोडा बटाटा : ही खिचडीची एक बशी सव्वापाचशेच्या घरात जाते आणि तिच्यात प्रथिनं सातेक ग्रॅमच असतात, म्हणून दोन तासांत परत भूक लागते. उपवास मनापासून करत असाल तर जरूर करा. फक्त भगर, ताक, दही, राजगिरा आणि फळावर भागवा. खिचडी अर्धी बशी घ्या.

प्रश्न : वय ५२, वजन ६५. गुडघे दुखतात, फार चालवत नाही. मधुमेहाची गोळीही चालू आहे. व्यायामाशिवाय नुसतं खाणं कमी केलं तर?
– वाचक, मडगाव

उत्तर : वजन उतरेल, पण चरबीबरोबर स्नायूही जातील. या वयात गेलेला स्नायू परत मिळवणं कठीण, आणि गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूंचाच असतो. म्हणून आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड, एवढं करा : उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, आणि किंचित पुढे वाकून दोन किलो डाळीची पिशवी एका हाताने कमरेपर्यंत ओढणं. प्रत्येकी ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. १२ वेळा सहज जमू लागलं की तिसरी फेरी घ्या किंवा पिशवी जड करा. दुसऱ्या दिवशी मांडी दुखली तर ठीक. सांधा दुखला किंवा सुजला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

सोबत रोज साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिनं हवीत. नुसत्या वरणाच्या वाटीने ती पुरी होत नाहीत. १५० ग्रॅम पिठाच्या पोळ्या-भाकऱ्यांतून १५, ३० ग्रॅम मटकीच्या उसळीतून ७, तेवढ्याच डाळीतून ७, २५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून १३, ५० ग्रॅम पनीरमधून ९, वाटीभर दह्यातून ५-६ ग्रॅम मिळतात. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांत १२. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि खाणं कमी करण्याआधी गोळीचं नाव पाहा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण घटल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते. हात थरथरणं, दरदरून घाम, एकदम भूक ही लक्षणं दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, आणि त्या दिवशी व्यायाम नको.