दंड भरला की विषय संपला का? ड्रंक अँड ड्राइव्हची केस, पासपोर्ट आणि कॅनडा

तुझा प्रश्न वाचला. एकतीस डिसेंबरला पुण्यात नाकाबंदीत बाईकवर सापडलास, फुंकायला लावलं, रीडिंग ६२ आलं, लायसन आणि गाडी दोन्ही जमा. आता कोर्टाची तारीख आलीय आणि मित्र सांगतोय की सरळ कबूल कर, दहा हजार भर, विषय संपला. आणि तुला सप्टेंबरात कॅनडाला शिकायला जायचंय.

विषय संपत नाही रे. आभाळ कोसळलंय असंही नाही, पण तुझा मित्र चलान आणि केस यात गल्लत करतोय आणि हीच गल्लत मी पण केली होती, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

हेल्मेट नाही, नो पार्किंग, असल्या गोष्टींचं चलान मोबाईलवर येतं, आपण शिव्या घालत भरून टाकतो. ती कायद्याने तडजोड असते, पैसे भरले की पुढे काही नाही, तू कुठल्या कोर्टात दोषी वगैरे ठरत नाहीस. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणजे दारू पिऊन चालवणं हे त्या तडजोडीच्या यादीतच नाही, त्यामुळे ते कोर्टात जातं. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. पहिल्या वेळी सहसा दंडावर भागतं हे खरं, पण तो दंड ही शिक्षा असते, आणि शिक्षा झाली म्हणजे तू दोषी ठरलास.

माझं सांगतो. २००८ साली गावाकडे माझ्या स्कूटरची एका सायकलवाल्या काकांना धडक बसली, हाताला खरचटलं त्यांच्या, बाकी काही नाही. आयपीसी २७९ आणि ३३७, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं आणि त्यातून दुखापत, लागलं (आता भारतीय न्याय संहितेत ते २८१ आणि १२५ झालंय). कोर्टातल्या एका ओळखीच्याने सांगितलं कबूल करून टाक. पट्टेवाल्याने नाव पुकारलं, आत गेलो, साहेबांनी मान वर न करता विचारलं "गुन्हा कबूल आहे का?", मी "हो साहेब" म्हटलं, आणि दोन मिनिटांत बाहेर. नऊशे रुपये भरले, पावती घेतली, खाली येऊन वडापाव खाल्ला आणि सगळं विसरून गेलो.

२०१७ ला एका निमसरकारी ठिकाणी निवड झाली. फॉर्मवर प्रश्न होता, कधी अटक, खटला, शिक्षा झाली आहे का. मी बिनधास्त "नाही" लिहिलं, कारण माझ्या डोक्यात ते चलानच होतं. व्हेरिफिकेशनमध्ये जुन्या पोलीस स्टेशनातून कागद निघाला आणि मला पत्र, माहिती का दडवली याचा खुलासा सादर करा. तीन महिने झोप नाही. वकिलाने सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालाचा आधार घेऊन अर्ज लिहून दिला, त्यात म्हटलंय की गुन्हा किरकोळ असेल तर तो लपवला म्हणून नोकरी काढून घेतलीच पाहिजे असं नाही, मालकाने सगळी परिस्थिती बघून ठरवावं. घेतलं बाबा शेवटी. पण गंमत बघ, त्या नऊशे रुपयांच्या दंडाने माझं काहीच बिघडवलं नव्हतं, बिघडवलं ते "नाही" या दोन अक्षरांनी. तेव्हा कुठल्याही फॉर्मवर विचारलं तर खरं लिही. ई-कोर्ट्सच्या साइटवर नुसत्या नावाने केस शोधता येते आजकाल.

पासपोर्टचं टेन्शन घेऊ नकोस, पण केस चालू असताना अर्ज केलास तर चालू आहे असंच लिहायचं. कोर्टात केस पेंडिंग असली तर पासपोर्ट अडू शकतो, मग त्या कोर्टाची परवानगी आणावी लागते. म्हणून केस निकाली काढून मगच अर्ज करणं सोयीचं. शिक्षेमुळे पासपोर्ट नाकारायचा नियम नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची कैद, यासाठी आहे, तुझं त्याच्या जवळपासही नाही.

खरी गोची कॅनडाची. १८ डिसेंबर २०१८ पासून तिकडे नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं केलीय, त्यामुळे परदेशात झालेला असला गुन्हासुद्धा ते गंभीर म्हणून धरू शकतात आणि प्रवेश नाकारू शकतात. मात्र ते बघतात की हेच कृत्य कॅनडात गुन्हा ठरलं असतं का. तिथल्या फौजदारी कायद्यातली मर्यादा ८० आहे, तुझं ६२. म्हणजे बोलायला जागा आहे, पण नशेचा परिणाम गाडी चालवण्यावर दिसला तर आकडा कमी असूनही तिथे गुन्हा होतो, म्हणून पोलिसांच्या कागदात काय लिहिलंय (तोल जात होता, बोलणं अडखळत होतं वगैरे) ते महत्त्वाचं. ती मशीनची स्लिप आणि केसच्या कागदांची नक्कल काढून ठेव, आणि कबूल करायच्या आधी, परत सांगतो आधी, तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला दाखव.

इथल्या वकिलाला प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अॅक्टबद्दल विचार. १९५८ चा कायदा आहे, पहिलाच गुन्हा असेल तर दंडाऐवजी समज देऊन सोडायची सोय आहे त्यात, आणि शिक्षेमुळे येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही. कोर्ट देईलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कोण देतंय.

तू लिहिलंयस की मागे बसलेला मित्र हवालदाराशी भांडत होता. हात लावला नाही ना? सरकारी कामात अडथळा म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागलं तर ते अजामीनपात्र आहे, त्याच्यापुढे तुझं १८५ म्हणजे किरकोळ.

लायसन आरटीओकडे जाईल, पहिल्या वेळी तीन महिने सस्पेंड होऊ शकतं, नोटीस आली तर जाऊन म्हणणं मांड. तेवढ्या काळात "इथल्या इथे जाऊन येतो" म्हणून सुद्धा गाडी काढायची नाही. तारीख चुकवू नकोस, वॉरंट निघतं आणि मग शेजारीपाजारी सगळ्यांना कळतं. आणि गाडी सोडवायला जाताना पीयूसी बघून घे, माझ्या भाच्याचं संपलेलं होतं, त्याला तिथेच उभ्या उभ्या अजून एक चलान मिळालं.